पुसलेले ठिपके

मी तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यातलं निम्मं माझ्या तापटपणानं झालं आणि उरलेलं निम्मं माझ्या स्वच्छतेच्या वेडानं. माहेर माझं भोंगवली. आमच्याकडं रोज भाकरी. भात शिजायचा तो सणाला नाहीतर कुणी आजारी पडलं तर. लग्न होऊन वेल्ह्याला आले आणि बघते तर काय, या लोकांची सकाळही भात आणि रात्रही भात. पहिला महिनाभर मी दोन वेळा जेवूनही उपाशी होते, खोटं कशाला बोलू!

सासऱ्यांची भात भरडायची गिरणी होती. बाजाराकडं जाणाऱ्या रस्त्याला आमचं घर आणि घराला चिकटून पत्र्याची शेड. त्या काळी, म्हणजे सत्तर सालाच्या आगेमागे, आमच्याकडं वीज आलेली नव्हती. गिरणी चालायची तेलाच्या इंजिनावर. इंजिन एका कोपऱ्यात, भरडायचं मशीन दुसऱ्या कोपऱ्यात आणि मधून हा लांबलचक पट्टा. इंजिन सुरू झालं की ओट्यावरच्या बाजेची दोरीसुद्धा थरथरायची. पाहुणे कानात बोटं घालायचे. घरच्यांना मात्र ते बंद पडलं की दचकायला व्हायचं.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणत असे. बोलायला गोड माणूस, पण मशीनच्या बाबतीत खडूस. पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, "पोरी, भात वत, पोतं धर, झाडलोट कर. पर इस्क्रूला हात लावायचा न्हाई."

"का? चावतो का?" मी म्हटलं. नवी नवरी, पण तोंड जुनंच होतं.

"व्हय, चावतो," ते म्हणाले, आणि हसले.

त्या मशीनला तीन ठिकाणी स्क्रू होते, एवढं समजलं की पुढचं सगळं समजेल. वरच्या डब्यातून भात किती पडावं त्याची एक सरकती फळी, तिचा एक. आत लोखंडी लाट गरागरा फिरायची आणि तिच्या बाजूला एक पट्टी असायची. पट्टी आणि लाट यांच्यात दाणा सापडला की तूस निघायचं. ती पट्टी जवळ-लांब करायचा दुसरा. आणि तांदूळ बाहेर पडतो त्या तोंडावरच्या झाकणाचा तिसरा. पट्टी फार लांब राहिली तर भात जसं घातलं तसंच बाहेर. फार जवळ गेली तर दाण्याचा चुरा, म्हणजे कणी. झाकण घट्ट केलं तर तांदूळ आत जास्त घासला जाऊन पांढराशुभ्र व्हायचा, पण अर्धा कोंड्यात जायचा. जाड भात, बारीक भात, नवं, जुनं, प्रत्येकाचं वेगळं. मामंजी पोत्यात हात घालायचे, चार दाणे दाताखाली धरायचे आणि त्याप्रमाणं स्क्रू किंचित इकडं किंवा तिकडं. काम झालं की परत होता तिथं.

मग एका श्रावणात मामंजी ओट्यावर चहा पीत असताना त्यांच्या हातातली बशी पडली. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. भोरच्या डॉक्टरांनी औषधं दिली, मालिश सांगितली, म्हणाले, धीर धरा. डावा हात तेवढा चालायचा, आणि समजायचं मात्र सगळं. त्यांची बाज आम्ही ओट्यावरच ठेवली, शेडच्या दाराजवळ. आत नेली की ते डोळे मिटून भिंतीकडं तोंड करायचे.

आमचे हे एसटीत ड्रायव्हर. मुक्काम भोरला, घरी आठवड्यातून एकदा. त्यांना गिरणीत कधीच गोडी नव्हती. ओट्यावर बसून आपल्या आईला, म्हणजे आत्याबाईंना, म्हणाले, "दिवाळीपत्तुर बघू. न्हाईतर भोरात एक जण इचारतोय, त्याला देऊन टाकू इंजिन आणि मशीन. हितं चालवायला हाय कोण?"

माणूस आजारी पडला की बहिराही झाला असं लोक का धरून चालतात, कोण जाणे! मामंजी तिथंच दोन हातांच्या अंतरावर निजलेले होते. त्यांच्या एका डोळ्यातून पाणी कानाकडं ओघळलं. दुसरा डोळा कोरडाच. ते बघितलं आणि माझं डोकं फिरलं.

"मी चालवते," मी म्हटलं.

"तू?"

"का? रोज भाकऱ्या बडवणारे हात आहेत माझे. हँडल काय त्याहून जड आहे?"

जड होतं, बाई! चांगलंच जड होतं. एका हातानं वरची कळ दाबून धरायची, दुसऱ्यानं हँडल फिरवायचं आणि वेग आला की कळ सोडायची. पहिल्या दिवशी हँडल उलटं आलं आणि मनगट सुजलं. तिसऱ्या दिवशी इंजिन लागलं तेव्हा मी पदर खोचून शेडमध्ये एकटीच नाचले. बाजेवरून मामंजी बघत होते. त्यांचं तोंड एका बाजूनं हसलं.

भाद्रपदात लोक घरचं थोडंथोडं जुनं भात घेऊन यायचे. स्क्रू मामंजींनी ठेवले होते तसेच होते, मी त्यांना हात लावत नव्हते, त्यामुळं तांदूळ सुरेख पडत होता. मला वाटलं, हे माझंच कसब. शहाणपणा असा अंगात आला की सांगता सोय नाही.

आणि आली खंडेनवमी. त्या दिवशी घरातली झाडून सगळी हत्यारं घासायची, मांडायची, पूजा करायची. विळा, कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ. आमच्याकडं मुख्य मान मशीनचा. मी पहाटेपासून लागले. रॉकेल, चिंध्या, काथ्या, राख. वर्षानुवर्षांचं तेल आणि कोंडा यांचा थर खरवडून काढला. तीन स्क्रू तर काढून, पाटावर घेऊन, एकेक घासला. त्यांच्या डोक्यावर आणि शेजारी लोखंडावर तांबडे ठिपके होते, शेंदराचे, तेलानं चिकट झालेले. मला वाटलं, मागच्या वर्षीच्या पूजेचा शेंदूर. शिळ्या पूजेवर नवी पूजा कशी करायची? नखानं खरवडून काढले. मग स्क्रू बसवले आणि चांगले घट्ट आवळले, सैल राहायला नकोत म्हणून.

मामंजींना तेव्हा आत मालिश चाललं होतं. अंघोळ घालून त्यांना बाहेर आणलं तेव्हा मशीन आरशासारखं चकाकत होतं, वर झेंडूची माळ, हळद-कुंकू, समोर नारळ. मामंजींनी बघितलं. डावा हात वर उचलला, घशातून काहीतरी आवाज काढला आणि डोळ्यांत पाणी आणलं. मला केवढं भरून आलं! म्हटलं, सुनेचं कौतुक वाटलं. मी खाली वाकून पाया पडले. त्यांनी हात हळूहळू खाली घेतला आणि माझ्या डोक्यावर ठेवला.

दसरा झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पालीहून एक बाई आली. माझ्या आत्याबाईंच्या वयाची. डोक्यावर आंबेमोहोराचं पोतं घेऊन राजगडाच्या पायथ्यापासून चालत आलेली. तिच्या लेकीला पहिला मुलगा झाला होता, बारसं चार दिवसांवर आलेलं, व्याही जेवायला येणार. वर्षभर बाजूला ठेवलेलं भात होतं ते. पोत्याचं तोंड सोडलं तसा शेडभर वास सुटला.

मी थाटात इंजिन लावलं, पट्टा चढवला, भात ओतलं. मशीन एकदम घोगरं ओरडायला लागलं. मला वाटलं, घासून-पुसून दमदार झालंय! बाहेर ओट्यावर मामंजी डाव्या हातानं बाजेचा खूर बडवत होते, तेही मला इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. मशीन काय टाकतंय ते पाहिलं त्या बाईनं. ती खाली बसून टोपलीत हात घालून बघत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता.

कणी. नुसती पांढरी कणी. अख्खा दाणा शोधून सापडेना.

मी पट्टा बाजूच्या मोकळ्या चाकावर सरकवला, मशीन थांबलं. तोवर निम्मं पोतं गेलं होतं. बाई भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला मी कमी पडत नाही. पण ती मूठभर कणी हातात घेऊन नुसती बसली. म्हणाली, "आता व्याह्यांच्या पानात काय वाढू ग मी?"

आत्याबाई आतून आल्या. घरातला आंबेमोहोर तांदूळ होता तो सगळाच्या सगळा तिला वेगळ्या पिशवीत भरून दिला. राहिलेल्या भाताकडं मी हात केला, म्हटलं, हे नीट करून देते. बाईनं पोतं जवळ ओढलं. "नगं. ऱ्हाऊ दे तसंच. घरी उखळात सडीन म्या," ती म्हणाली. रागानं नाही, साधंच. पण ते मला जे लागलं, ते अजून लागतं.

बाई गेल्यावर मी ओट्यावर आले. मामंजी माझ्याकडं बघत होते. मी तिथंच त्यांच्या बाजेशी बसले आणि रडत रडत सगळं सांगितलं. ठिपके खरवडले, स्क्रू काढले, घट्ट आवळले. ठिपका हा शब्द ऐकल्यावर त्यांनी मान हलवली. आत्याबाई म्हणाल्या, "अगं, त्येच तर त्येंचं घर व्हतं. इस्क्रूवरला ठिपका लोखंडावरल्या ठिपक्याला जुळला की मशीन जाग्यावर. भात बगून हलवायचा आणि काम झालं की पुन्ना ठिपक्याला आणायचा." हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता काय? शनिवारी हे घरी येणार. पालीच्या वाटेवर एव्हाना बोभाटा झाला असेल. मशीन दाणा फोडतंय म्हटल्यावर कोण येतंय? आणि गिऱ्हाइकं थांबली की इंजिन भोरला जाणार, मामंजींच्या डोळ्यांदेखत. मी म्हटलं, "मामंजी, मला शिव्या द्या हो." त्यांना तेही येत नव्हतं. त्यांनी डावा हात तोंडाकडं नेला. भूक लागली असं वाटलं मला. पण ते कणी मागत होते. मी दिली. चार कण जिभेवर ठेवून ते विचार करत राहिले, मग हात मशीनकडं केला.

आम्ही दोघींनी बाज उचलून शेडमध्ये नेली. आणि माझी शाळा सुरू झाली.

पहिला धडा, इंजिन चालू असताना स्क्रूला हात नाही. मी पाना घेऊन पुढं झाले की बाजेवर थाप. पट्टा मोकळ्या चाकावर सरकवला तरी थाप. इंजिन पूर्ण थांबवून, पदर खोचून, बांगड्या मागं सारून गेले तरच मान हलायची. दुसरा धडा त्यांनी हवेत दाखवला. डाव्या हाताची बोटं मिटून लेखणी धरल्यासारखी केली. लिही. आधी लिही, मग फिरव. मी चुलीतला कोळसा आणला आणि शेडच्या भिंतीवर तीन रेघा ओढल्या, वरची फळी, पट्टी, झाकण. आत्ता काय आहे ते आधी मांडलं. मला हसू येत होतं. जे चुकलंय ते कशाला लिहायचं? पण ते हटले नाहीत. कुठून निघालो हे ठाऊक नसलं तर परत कुठं यायचं, हे मला मागाहून उमगलं.

परवा माझी नात, कॉम्प्युटरची इंजिनिअर, घरचा बिघडलेला कॉम्प्युटर उघडून बसली होती. निळ्या पडद्यावर नुसत्या याद्या. म्हणाली, "आजी, याला बायोस म्हणतात. कॉम्प्युटर जागा होतो तेव्हा सगळ्यात आधी हे वाचतो. इथं चुकलं की तो उठतच नाही." आणि काही बदलायच्या आधी तिनं मोबाईलवर त्या पानाचा फोटो काढून ठेवला. मी म्हटलं, शाबास. ती म्हणाली, तुला काय कळलं त्यातलं? मी म्हटलं, फोटो कळला.

तर मामंजींनी मला पट्टी पार मागं घ्यायला लावली. भात घातलं की तसंच्या तसं बाहेर. काही भरडलं नाही, पण काही फुटलंही नाही. तिथून सुरुवात. ते एक बोट दाखवायचे, म्हणजे पाव फेरा. मी पाव फेरा द्यायची, भिंतीवर रेघ मारायची, इंजिन लावायची, ओंजळभर भात घालायची, इंजिन बंद करायची, आलेलं सुपात त्यांच्यापुढं न्यायची. ते डाव्या बोटांनी दाणे वेगळे करायचे. भरडलेले एकीकडं, तुसासकट राहिलेले एकीकडं, फुटलेले एकीकडं. मग पुन्हा एक बोट. दर वेळी हँडल मारून माझे खांदे भरून आले.

दुसऱ्या दिवशी माझा धीर सुटला. म्हटलं, किती वेळ खेळत बसायचं? एकाच वेळी पट्टीही पुढं घेतली आणि झाकणही सैल केलं. तांदूळ जरा बरा आला. मी आनंदानं नेऊन दाखवला. त्यांनी दाणे बघितले, भिंतीकडं बघितलं, आणि माझ्या हातावर चापट मारली. चापट कसली, लहान मुलाला मारतो तेवढी. दोन बोटं दाखवली आणि नाही म्हणून मान हलवली. दोन्ही एकदम नाही. कशानं बरा झाला ते कसं कळणार? मला होतं तिथं परत जायला लावलं. मी पाना आपटला, इंजिनाला शिव्या दिल्या, आणि परत गेले.

ते तीन दिवस घरात कणीच कणी. कणीची पेज, कणीची उकड, कणीचे घावन. आत्याबाई म्हणाल्या, "दात पडल्यावर खायाचं समदं आत्ताच खाऊन झालं."

तिसऱ्या दिवशी दुपारी मी सूप नेलं. मामंजी दाणे वेगळे करायला लागले आणि मध्येच थांबले. फुटलेल्यांच्या बाजूला ठेवायला त्यांना फारसं काही मिळेना. एक अख्खा दाणा उचलून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं त्याच्यावर मिटली. मी तोंड फिरवून रडले. सुपात रडले असते तर तांदूळ भिजला असता.

आत्याबाईंनी तेलात शेंदूर कालवून आणला. मी बोट बुडवणार, तेवढ्यात मामंजींनी हात पुढं केला. मी आणि आत्याबाईंनी त्यांना बगलेत धरून उभं केलं. आजारपणानंतर पहिल्यांदा ते मशीनजवळ उभे राहिले. डाव्या बोटानं एकेक ठिपका लावला, तिन्ही स्क्रूंवर आणि त्यांच्या शेजारच्या लोखंडावर. ठिपके वाकडे आले. आम्ही घामाघूम झालो. ते मात्र लहान पोरासारखे खूश होते.

शनिवारी हे आले ते भोरच्या त्या माणसाला घेऊनच. मी आमच्या मागच्या खळ्यावरचं हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात ओतलं आणि इंजिन लावलं. तांदूळ पडायला लागला. भोरच्या माणसानं ओंजळ भरून घेतली, उन्हात नेऊन बघितली. यांनी मोठ्या मायेनं पाना उचलला आणि म्हणाले, "पट्टी जरा जवळ घेऊ का? आणखी साफ निघंल."

"हात लावायचा न्हाई!" मी ओरडले. इंजिनाच्या वर ओरडले. हे एक पाऊल मागं सरले.

भोरचा माणूस हसला. यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "ड्रायव्हरसाहेब, मशीन चालतंय की तुमचं. मंग कशाला इकताय?" चहा घेऊन दुपारच्या एसटीनं गेला. यांनी मामंजींजवळ बसून त्यांचे पाय चेपले. जाताना मला म्हणाले, "हँडल मारताना जपून मार." त्यांच्याकडून ते पुष्कळ होतं.

त्या वर्षी सुगीला शेडबाहेर पोती लागली. मामंजींची बाज पुन्हा ओट्यावर, दाराशी, आणि ते दिवसभर ऐकत असायचे. आवाज जरा जड झाला की खुरावर थाप, माझा एक कान आता तिकडंच, मग मी बघायची, आणि खरंच काहीतरी असायचं. कधी लाटेखालच्या जाळीत खडा, कधी ओलं भात. पुढं पुढं त्यांच्या थापेच्या आधी मला कळायला लागलं. मी पट्टा काढायला हात घालायची आणि मागं वळून बघायची, तर त्यांचा हात नुसता वर उचललेला असायचा.

मार्गशीर्षातली दुपार. चार पोती पुढं होती, पाचवं मशीनमध्ये. बायका शेडबाहेर बसून बोलत होत्या. मी भात ओतता ओतता दाराकडं बघितलं, तर आत्याबाई चौकटीला टेकून उभ्या, मागची बाज त्यांच्या आड. एरवी त्या शेडमध्ये फारशा येत नसत, कोंड्यानं त्यांना खोकला व्हायचा. मला वाटलं, चहाला बोलवायला आल्या. मी मानेनंच विचारलं. त्यांनी हातानंच खूण केली, होऊ दे तुझं.

पोतं संपायला अर्धा तास तरी गेला असेल. त्या तशाच उभ्या. मी सगळा तांदूळ काढला, मालकिणीला दाखवला, पोत्याचं तोंड शिवलं आणि मग पट्टा मोकळ्या चाकावर सरकवला.

"काय हो आत्याबाई? कधीच्या उभ्या आहात?"

"दुसऱ्याचं भात हाय आत. निम्म्यात सोडलेलं त्यास्नी आवडायचं न्हाई," त्या म्हणाल्या. मग पदर तोंडाला लावला. "आता इंजिन बंद कर, पोरी. ऐकणारं गेलं."